चुलीची पारख : कमी धुराची लाकडाची चूल कशी निवडावी

काष्टीच्या किंवा घोडेगावच्या बाजारात बैल घ्यावयास गेलेला शेतकरी बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, त्यास चार पावले चालवून पाहतो, आणि मन भरले म्हणजेच सौद्याची भाषा बोलतो. विहिरीवर पंप बसवावयाचा असेल तर तो चार गावी चौकशी करतो. परंतु ज्या चुलीपुढे घरातील स्त्रिया दररोज कित्येक तास बसतात, आणि दिवसास पाच किलो जळण धरले तरी जिच्या पोटात वर्षाकाठी अठरा क्विंटल लाकूड जाते, त्या चुलीची पारख करावी असे फारच थोड्यांच्या मनात येते. चूल ही बायकांची बाब, असे म्हणून आपण मोकळे होतो. आणि नवी चूल घरात आणण्याची वेळ आली म्हणजे मात्र बायकांस न विचारता आपणच ती उचलून आणतो. या दोन्ही चुका आम्ही स्वतः केल्या आहेत. सबब त्या इतरांनी करू नयेत, एवढ्याच हेतूने हा धडा लिहीत आहो.

आता घरोघरी गॅस आला, मग चुलीचा विचार कशास, असे कोणी विचारील. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने खेड्यापाड्यांत गॅस पोहोचला, हे खरे. ज्यांचा सर्व स्वयंपाक गॅसवर होऊ शकतो त्यांनी तो अवश्य करावा. धुराच्या बाबतीत त्याची बरोबरी लाकडाची कोणतीही चूल करू शकत नाही. ज्यांच्या गोठ्यात चार-पाच मोठी जनावरे आहेत त्यांनी प्रथम गोबरगॅसचा विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे पन्नास किलो शेण लागते. त्यात लहान कुटुंबाचा स्वयंपाक होतो आणि मळी खत म्हणून शेताकडे परत जाते. तथापि आपल्या जिल्ह्यातील बहुतेक शेतकऱ्यांच्या घरी चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचे पाणी व सणासुदीचा मोठा स्वयंपाक लाकडावर, असा दुहेरी संसार चालू आहे. तो आहे तोवर चुलीची निवड हा प्रश्न उरतोच.

धूर म्हणजे काय

चुलीची पारख करावयाची तर आधी धुराची ओळख पाहिजे. लाकूड तापले म्हणजे त्यातून प्रथम पाण्याची वाफ निघते, नंतर जळणारे वायू व डांबरासारखे अंश निघतात, आणि शेवटी कोळसा उरतो. जे वायू निघतात त्यांस पुरेशी हवा आणि पुरेशी धग मिळाली तर त्यांची ज्योत होते. न मिळाली तर त्यांचाच धूर होतो. म्हणजे धूर हे दुसरे तिसरे काही नसून न जळलेले जळण आहे. जे भांड्याखाली जळावयास हवे होते तेच भिंतीवर काजळी होऊन बसते आणि माणसाच्या छातीत जाते. या एका वाक्यात सर्व धडा आहे. जी चूल धूर कमी करते ती बहुधा जळणही वाचविते, आणि ज्या घरात धूर फार त्या घरात लाकडाचा अपव्ययही फार.

या धुरातील सूक्ष्म कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही लहान असतात. म्हणून ते नाकात न अडकता थेट फुप्फुसाच्या तळापर्यंत उतरतात. आपल्या देशाने २००९ साली बाहेरच्या हवेसाठी जे मानक ठरविले त्यात अशा कणांची मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीने दर घनमीटरास ६० मायक्रोग्रॅम आहे. साध्या चुलीच्या बंद स्वयंपाकघरात स्वयंपाकाच्या वेळी हे प्रमाण कित्येकदा हजाराच्याही वर जाते. घरातील धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यांत लहान मुलांचा न्यूमोनिया आहे, मोठ्यांचा दमा आहे, हृदयविकारही आहे.

आमच्या मातोश्रींना उतारवयात चार पावले चालले तरी धाप लागू लागली. विडीचा धूर त्यांनी जन्मात ओढला नव्हता. डॉक्टरांनी छाती तपासून पहिला प्रश्न विचारला तो हा : "स्वयंपाक कशावर करीत होता?" चाळीस वर्षे त्या चुलीपुढे बसल्या, आणि तितकी वर्षे आम्ही त्याच घरात जेवलो, पण हा प्रश्न आमच्या मनात कधी आला नव्हता.

कायद्याची बाजू

धुरावर कायद्याचा अंमल बसविण्याची कल्पना नवी नाही. मुंबई इलाख्यात १९१२ सालीच भट्ट्यांच्या धुराविषयी कायदा झाला होता. परंतु त्याचा रोख कारखान्यांकडे होता. घरातील शेगडीचा विचार जगाने केला तो लंडन शहरावर आलेल्या संकटानंतर. १९५२ च्या डिसेंबरात तेथे पाच दिवस धूर आणि धुके यांचा असा पडदा बसला की त्यात हजारो माणसे दगावली. पुढे १९५६ साली इंग्लंडात स्वच्छ हवेचा कायदा झाला आणि नगरसंस्थांस धूरनियंत्रित क्षेत्रे जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. अशा क्षेत्रात एक तर धूर न करणारे मान्य इंधन जाळावे, नाही तर तपासून मंजूर झालेल्या चुलीतच लाकूड जाळावे, असा तेथील दंडक आहे.

आपल्याकडे १९८१ च्या वायुप्रदूषण प्रतिबंधक कायद्याच्या १९ व्या कलमात याच धर्तीची तरतूद आहे. राज्यसरकारास वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र जाहीर करता येते. आणि त्या क्षेत्रात अमुक इंधन वापरू नये, किंवा मंडळाने मान्य केलेल्याखेरीज दुसरे जाळण्याचे साधन वापरू नये, असे राजपत्रात प्रसिद्ध करून सांगता येते. मुंबईच्या पाव भाजणाऱ्या बेकऱ्यांस याची झळ लागलीच. २०२५ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळसा यांवर चालणाऱ्या बेकऱ्यांनी सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळावे असा आदेश दिला.

खेड्यातील शेतकऱ्याने यावरून घाबरून जावे असे मुळीच नाही. परंतु यातून घेण्याजोगी गोष्ट एक आहे. "मान्य इंधन किंवा मान्य चूल" हे जे सूत्र कायद्याने शहरासाठी घातले, ते आपण होऊन आपल्या स्वयंपाकघरास लावून घेण्यास कोणाच्या हुकमाची गरज नाही. दाट वस्तीच्या गावठाणात एका घराचे धुराडे दुसऱ्याच्या खिडकीत तोंड काढते, तेथे तर हा शेजारधर्मही आहे.

मागील प्रयत्नांचा धडा

बिनधुराच्या चुलीचा विचार आपल्या प्रांतात जुना आहे. वर्धा येथे १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच्या मगनवाडीतील कार्यकर्त्यांनी धुराडे असलेली मातीची "मगन चूल" तयार केली. पुढे १९८३-८४ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला आणि त्यात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्या. एवढ्या चुली बसल्या, तर मग आज त्या दिसत का नाहीत?

याचे उत्तर ओडिशातील एका पाहणीत सापडते. तेथे सुमारे २६०० कुटुंबांत धुराड्याच्या मातीच्या चुली देऊन चार वर्षे त्यांचा माग ठेवण्यात आला. पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाल्याचे दिसले. पुढील वर्षांत तो फायदा नाहीसा झाला. कारण साधे होते. चुलीस भेगा पडल्या, धुराडी तुंबली, डागडुजी झाली नाही, आणि बायका हळूहळू जुन्या चुलीकडे परतल्या.

आमच्या घरीही हेच घडले. एका योजनेत चूल मिळते असे कळताच आम्ही नाव नोंदविले. चूल बसविणारा गृहस्थ एका दुपारी येऊन चूल बसवून गेला. धुराड्याचा नळ त्याने वळचणीच्या खालीच संपविला, त्यामुळे वारा फिरला की धूर उलटा घरात येई. नळ साफ कसा करावा हे कोणी सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. दुसरा पावसाळा संपेपर्यंत तो काजळीने गच्च झाला. शेवटी मातोश्रींनी ती चूल फोडून तिच्या जागी आपल्या हाताने साधी चूल घातली. आम्ही त्या वेळी त्यांसच दोष दिला. आज वाटते, त्या चुलीविषयी त्यांचा निकाल बरोबर होता. चूक आमच्या निवडीत होती.

चुलींचे प्रकार

आज मिळणाऱ्या सुधारित चुलींचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार धुराड्याच्या स्थिर चुलीचा. पुण्याच्या समुचित ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे १९९६ साली डॉ. आनंद कर्वे यांनी स्थापन केलेल्या "आरती" संस्थेने, साच्यातून घडविलेली "लक्ष्मी" चूल या जातीची आहे. तिच्यावर दोन भांडी बसतात. जुन्या चुलीच्या वैलासारखीच दुसऱ्या भांड्यास आयती धग मिळते. हिचा गुण असा की धूर घराबाहेर जातो. दोष असा की तो नाहीसा होत नाही, फक्त जागा बदलतो. आणि धुराड्याची निगा न राखल्यास तोही फायदा जातो.

दुसरा प्रकार धुराडे नसलेल्या सुधारित स्थिर चुलीचा. त्याच संस्थेच्या "भाग्यलक्ष्मी" व "गृहलक्ष्मी" या त्यातल्या. जाळीवर लाकूड ठेवून खालून हवा मिळाल्याने जळण अधिक चांगले जळते. पडवीत किंवा उघड्या ओट्यावर स्वयंपाक होत असेल तेथे या सोयीच्या.

तिसरा प्रकार पत्र्याच्या उचलत्या चुलीचा. यात आतील जळणाच्या जागेस उष्णता धरून ठेवणारे अस्तर असते आणि हवा आपोआप खालून वर खेचली जाते. कोपरासारख्या वळणाच्या ज्या चुली मिळतात त्या याच जातीच्या. लाकडाची टोके तेवढी आत जळतात, ज्योत उभ्या नळीतून वर चढते, आणि वाटेत धुराचा बराच भाग जळून जातो. लाकूड मात्र बारीक फोडलेले व वाळलेले हवे.

चौथा प्रकार पंख्याच्या चुलीचा. लहानसा पंखा विजेवर किंवा बॅटरीवर चालून जळणाच्या वायूंत हवा मिसळतो, त्यामुळे धूर सर्वांत कमी. परंतु हिला तुकडे केलेले, एकसारखे जळण लागते, बॅटरी लागते, आणि बिघाड झाल्यास कारागीर लागतो.

या चौथ्या प्रकाराविषयी एक अनुभव सांगण्याजोगा आहे. २००६ साली "ऊर्जा" नावाची पंख्याची चूल बाजारात आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साह्याने ती तयार झाली होती, आणि महाराष्ट्र, कर्नाटक व तमिळनाडू या प्रांतांत ती लाखोंच्या संख्येने खपली. चूल उत्तम होती. परंतु तिला शेतातील काडीकचरा दाबून केलेल्या कांड्याच लागत. कच्च्या मालाचा भाव चढला, कांड्या महाग झाल्या, घरोघरचा पुरवठा आखडला, आणि चुली कोपऱ्यात पडल्या. जे जळण आपल्या शेतात वा बांधावर नाही, त्यावर चालणारी चूल घेणे म्हणजे दुसऱ्याच्या विहिरीवर ऊस लावणे होय.

मानकाचे आकडे व त्यांचा अर्थ

उचलत्या चुलींसाठी भारतीय मानक संस्थेचे १३१५२ (भाग १) हे मानक २०१३ साली सुधारून निघाले. चूल घेताना त्याचा उल्लेख पेटीवर आहे का, हे प्रथम पाहावे. त्यातील मुख्य आकडे येणेप्रमाणे :

आपोआप हवा घेणाऱ्या चुलीने जळणातील उष्णतेपैकी निदान शेकडा २५ भाग भांड्यात उतरविला पाहिजे. पंख्याच्या चुलीने शेकडा ३५.

भांड्यात उतरलेल्या दर एक मेगाज्यूल उष्णतेमागे पहिल्या जातीच्या चुलीतून धुराचे कण ३५० मिलिग्रॅमहून, आणि पंख्याच्या चुलीतून १५० मिलिग्रॅमहून अधिक निघू नयेत.

कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू दोहोंतही दर मेगाज्यूलमागे ५ ग्रॅमहून अधिक नसावा.

एक मेगाज्यूल म्हणजे किती, हे समजण्यास सोपे आहे. साधारण तीन लिटर पाणी गार असता उकळीस आणण्यास जेवढी उष्णता लागते तेवढी. मेगाज्यूल, मिलिग्रॅम हे शब्द पाहून बिचकू नये; दुकानदारास एवढेच विचारावे की चूल कोणत्या जातीची, तिची तपासणी झाली आहे काय, आणि तपासणीचे हे तीन आकडे काय आले. जो हे सांगू शकत नाही त्याच्या "बिनधुराची" या शब्दावर विसंबू नये.

आता जळणाचा हिशेब मांडू. चांगल्या वाळलेल्या एक किलो लाकडात सुमारे ३७०० किलोकॅलरी उष्णता असते. पाच लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास ३७५ किलोकॅलरी लागतात. साध्या चुलीत शेकडा १० च्या आसपास उष्णता भांड्यास मिळते. म्हणजे पाच लिटर पाण्यास सुमारे एक किलो लाकूड. शेकडा २५ च्या चुलीत हेच काम ४०० ग्रॅममध्ये व्हावे. रोज पाच किलो लाकूड जाळणाऱ्या घरी या हिशेबाने रोजचे तीन किलो, म्हणजे वर्षाचे जवळजवळ अकरा क्विंटल वाचले पाहिजे. परंतु प्रयोगशाळेतील आकडा घरात तसाच उतरत नाही. त्याच्या निम्मी बचत झाली तरी साडेपाच क्विंटल लाकूड राहते. या भावाने चूल किती वर्षांत आपली किंमत फेडील, हे ज्याने त्याने आपल्या गावच्या जळणाच्या दराने काढावे.

निवडीच्या चार कसोट्या

पहिली कसोटी जळणाची. आपल्या घरी वर्षभर कोणते जळण असते हे आधी लिहून काढावे. आपल्या जिल्ह्यात वेडी बाभूळ, बाभूळ व सुबाभूळ यांचे लाकूड, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुराट्या, दाणे काढलेली मक्याची कणसे आणि गोवऱ्या हे मुख्य जळण. लाकूड व तुराट्या असतील तर उचलती चूल चालते. गोवऱ्या व काडीकचराच जाळावयाचा असेल तर रुंद तोंडाची, धुराड्याची चूल बरी. अरुंद नळीच्या चुलीत गोवरी नीट जळत नाही. मात्र शेण हे शेताचे धन आहे, ते चुलीत घालणे म्हणजे खत जाळणे, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. उसाचे पाचटही चुलीत न घालता सरीतच कुजवावे. आपल्याच जिल्ह्यातील राळेगणसिद्धी व हिवरे बाजार या गावांनी कुऱ्हाडबंदी पाळून माळरान हिरवे केले. जे गाव कुऱ्हाड आवरते त्यास थोड्या लाकडात भागविणारी चूल शोधावीच लागते.

जळण कसेही असो, ते वाळलेले पाहिजे. ओल्या लाकडाच्या वजनात शेकडा ४० भाग पाणी धरले, तर एक किलो लाकडात लाकूड ६०० ग्रॅमच. शिवाय ते ४०० ग्रॅम पाणी तापवून त्याची वाफ करण्यास सुमारे अडीचशे किलोकॅलरी खर्ची पडतात. शेवटी हाती राहते ती वाळलेल्या लाकडाच्या निम्म्याहून थोडीच अधिक उष्णता. आणि वाफेने धग मंदावल्यामुळे धूर होतो तो निराळाच. ओले लाकूड घातले तर मानकाची चूलही साध्या चुलीसारखी धुमसते. यास्तव लाकूड उन्हाळ्याच्या आधी तोडावे, अंगठ्याएवढ्या जाडीचे फोडावे, चैत्र-वैशाखाच्या उन्हात वाळवावे, आणि मृग लागण्यापूर्वी छपराखाली, जमिनीपासून उंच रचून ठेवावे. या कामास पैसा लागत नाही, आणि धूर कमी करण्याचा याहून स्वस्त उपाय दुसरा नाही.

दुसरी कसोटी भाकरीची. आम्ही दुसऱ्यांदा चूल आणली ती कोपराच्या वळणाची, पत्र्याची. पाणी झटकन उकळले, धूर फारसा दिसला नाही, आणि आम्ही खूष झालो. तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, चूल चांगली आहे, पण भाकरी शेकायची कुठे?" बाजरीची भाकरी तव्यावर भाजून झाली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांपुढे उभी करून शेकावी लागते, तेव्हा ती फुगते. या चुलीचे तोंड मुठीएवढे, निखारे आत. हा विचार आमच्या स्वप्नातही नव्हता. शेवटी तारेची जाळी करवून ती चुलीवर ठेवली आणि तीवर भाकरी शेकण्याची रीत सूनबाईंनीच बसविली. चार दिवस भाकऱ्या करपल्या, मग हात बसला. तात्पर्य, चूल विकत घेण्यापूर्वी जी बाई तिच्यावर रांधणार तिने दुकानात किंवा शेजारी ती पेटवून पाहावी. आपला तवा तीवर डळमळतो काय, मोठे पातेले पेलते काय, लाकूड पुढे सारण्यास दर दोन मिनिटांनी उठावे लागते काय, हे तिच्याखेरीज कोणास कळणार?

तिसरी कसोटी जागेची. स्वयंपाक बंद खोलीत होत असेल तर धुराडे हवे; धुराडे नसलेली चूल, ती कितीही चांगली असो, बंद खोलीत ठेवू नये. धुराड्याचा नळ छपराच्या कण्यापेक्षा निदान दोन फूट वर न्यावा, त्यास पावसाची टोपी बसवावी, आणि तो पाचटाच्या किंवा लाकडी छपरातून जात असेल तर भोवती पत्रा घालून अंतर ठेवावे. ॲस्बेस्टॉसचा नळ घेऊ नये. त्याचे तंतू छातीस घातक आहेत. उचलती चूल पडवीत, वाऱ्याचा आडोसा करून वापरावी. आंघोळीच्या पाण्याचा बंब हिवाळ्यात स्वयंपाकाइतकेच लाकूड खातो. तो घरात नसावा, परसात असावा, आणि त्यातही ओला पालापाचोळा कोंबू नये.

चौथी कसोटी निगेची. जाळी जळून गेल्यास सुटी मिळते काय? आतले अस्तर फुटल्यास कोण बसवितो? तालुक्याच्या गावी दुरुस्तीची सोय आहे काय? धुराड्याच्या चुलीचा नळ महिन्यातून एकदा काठीस चिंधी बांधून साफ करावा; राख रोज काढावी; भेग दिसताच शेणमातीने लिंपावी. हे काम कोणी करावयाचे ते चूल आणतानाच ठरवावे. आमच्या मते ते पुरुषांनी करावे. जो नांगराचा फाळ पाजवून घेतो, त्यास धुराडे झाडणे जड जाऊ नये.

तोलून पाहण्याची रीत

चूल घेतल्यावर ती खरोखर उपयोगी पडली की नाही, हे अंदाजाने सांगू नये, तोलून पाहावे. रीत अशी : एक आठवडा जुन्या चुलीवर स्वयंपाक करावा. रोज सकाळी दहा किलो वाळलेले लाकूड तोलून निराळे ठेवावे आणि त्यातूनच वापरावे. रात्री उरलेले तोलून वजा करावे. जेवणारी माणसे किती होती तेही लिहावे. पुढील आठवडा नव्या चुलीवर हेच करावे. दोन्ही आठवड्यांत लाकूड एकाच ढिगातील असावे, नाही तर तुलना फसेल. चुलीच्या जवळ, स्त्रीच्या तोंडाच्या उंचीवर, एक पांढरे फडके दोन्ही आठवडे टांगून ठेवावे. त्याच्या रंगावरून धुराचा अदमास येतो. हे शास्त्रीय मोजमाप नव्हे, पण घरातल्या माणसांची खातरी होण्यास पुरेसे आहे. आमच्या घरी अशा तोलात निम्मी बचत भरली नाही, एक तृतीयांशाच्या आसपास भरली. परंतु दोन फडकी शेजारी शेजारी ठेवली तेव्हा कोणास काही सांगावे लागले नाही.

एक सावधगिरी

धूर दिसत नाही म्हणून विष नाही, असे समजू नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. पौष-माघाच्या थंडीत निखाऱ्यांची शेगडी खोलीत ठेवून दारे लावून निजणे, किंवा बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी ठेवून खिडक्या बुजविणे, ही चाल अजून पुष्कळ घरांत आहे. यात आई आणि मूल दोघांच्याही जिवास धोका आहे. डोके दुखणे, चक्कर, मळमळ ही त्याची पहिली लक्षणे. ती दिसताच माणसास मोकळ्या हवेत न्यावे आणि विलंब न लावता दवाखाना गाठावा. खोली उबदार करावयाची तर शेगडी बाहेर ठेवून गरम पाण्याच्या पिशवीने शेक द्यावा. कमी धुराची चूलदेखील बंद खोलीत निजताना पेटती ठेवू नये.

सारांश

धूर म्हणजे न जळलेले जळण. तो कमी करण्यास वाळलेले जळण, खालून मिळणारी हवा, उष्णता धरून ठेवणारी चूल आणि नियमित निगा ही चार अंगे लागतात. यांतील एक जरी लंगडे पडले तरी बाकीची तीन व्यर्थ जातात. चूल निवडताना पेटीवरील मानक पाहावे, आपले जळण पाहावे, जागा पाहावी. परंतु शेवटचा शब्द चुलीपुढे बसणारीचा असावा. आमच्या मातोश्रींस तो शब्द मिळाला नाही. आता सूनबाई पडवीत बसून भाकरी करतात आणि नातू शेजारी पाटावर बसून खातो. त्याच्या डोळ्यांस पाणी येत नाही. चूल साधीच आहे, किंमतही फार नाही. ती तीस वर्षे आधी घरात यावयास हवी होती, एवढेच वाटते.

ज्या वाचकांनी आपल्या घरी दोन आठवड्यांचा तोल करून पाहिला असेल त्यांनी जळणाची जात, चुलीची जात, जेवणारी माणसे व लाकडाचे वजन लिहून या मासिकाकडे पाठवावे. दहा गावांचे असे आकडे एकत्र आले, तर कोणत्या जळणास कोणती चूल हे आपले आपल्यालाच ठरविता येईल.